खाजगी विहीर, काविळीची साथ आणि गावबंदीचा ठराव: कायद्याने कोण काय करू शकतं?

बावनदीकाठ

संगमेश्वर तालुक्यातल्या एका वाडीचा प्रश्न आहे. ग्रामपंचायत सदस्य म्हणून लोकांना उत्तर द्यायचं आहे, त्यामुळे मोघम नको, नेमकं सांगा.

तीन आठवड्यांत काविळीचे नऊ रुग्ण. त्यातले आठ जण एकाच खाजगी विहिरीवर पाणी भरणाऱ्या आठ घरांतले. विहीर जांभ्यात खोदलेली, कठडा एका अंगाने ढासळलेला, आणि वरच्या बाजूला वीसेक मीटरवर एका घराच्या संडासाचा शोषखड्डा. सातबारा ज्यांच्या नावावर ते मुंबईत असतात, विहीर आणि बाग त्यांचे भाऊ बघतात. ते टीसीएल (पाणी शुद्ध करायची ब्लिचिंग पावडर) टाकू देत नाहीत. पाण्याला वास येतो, बागेतल्या कलमांना ते पाणी बाधेल, असं त्यांचं म्हणणं. आरोग्य केंद्राचे डॉक्टर दोनदा येऊन तोंडी सांगून गेले, फरक पडला नाही.

विहिरीचं पाणी पिण्यासाठी बंद करायचा अधिकार कोणाचा? डॉक्टरांचा, सरपंचांचा की तहसीलदारांचा? साथरोग कायदा इथे लागतो का? तालुक्याच्या गावातले खाजगी डॉक्टर रुग्णांची नावं आरोग्य केंद्राला द्यायला तयार नाहीत, त्यांच्यावर बंधन आहे का? वाडीतल्या काहींना रुग्णांची यादी ग्रामपंचायतीच्या फलकावर लावायची आहे. आणि गणपतीला तीन आठवडे राहिलेत, तर चाकरमान्यांनी यंदा येऊ नये असा गावबंदीचा ठराव घ्या म्हणून दबाव आहे. मुंबईत पालिकेची माणसं थेट घरात येऊन टाक्या तपासतात, नोटीस लावतात, मग इथे का नाही, असंही सगळे विचारतात.

खाडीवरचा_वकील

शेवटच्या मुद्द्यापासून सुरू करतो, कारण घोळ तिथूनच होतो. मुंबईला १८८८ चा स्वतःचा महापालिका अधिनियम आहे. जागा तपासणं, पाणी पिण्यास मनाई करणं, निर्जंतुकीकरण, रुग्णाला रुग्णालयात हलवणं, हे अधिकार त्यात पालिकेला थेट दिलेत. तो कायदा मुंबईबाहेर लागत नाही. नगरपरिषदा आणि नगरपंचायतींना १९६५ चा वेगळा अधिनियम, आणि तुमच्या वाडीला ग्रामपंचायत अधिनियम. पिण्याचं पाणी, स्वच्छता, साथ रोखण्याचे उपाय ही ग्रामपंचायतीची कामं आहेत, पण काम सोपवलेलं असणं म्हणजे दुसऱ्याच्या खाजगी जागेत जबरीने शिरण्याचा अधिकार असणं नव्हे.

आता साथरोग कायदा. साथीचे रोग अधिनियम, १८९७ हातात घेतलात तर दिसेल की तो अगदी थोड्या कलमांचा आहे आणि मुख्य अधिकार कलम २ मध्ये आहे. तो अधिकार वैद्यकीय अधिकाऱ्याला दिलेला नाही, राज्य सरकारला दिलेला आहे. दोन गोष्टी जुळाव्या लागतात. राज्यात किंवा त्याच्या एखाद्या भागात धोकादायक साथ आलेली असावी किंवा येण्याची भीती असावी, आणि नेहमीचे कायदे त्यासाठी अपुरे आहेत असं सरकारला वाटावं. मग सरकार जाहीर सूचनेने तात्पुरते नियम करतं, ते राबवायला कोणालाही अधिकार देऊ शकतं, आणि खर्च व भरपाई कोणी, कशी द्यायची तेही ठरवतं. महाराष्ट्राने १४ मार्च २०२० ला कोविडचे नियम काढले ते याच कलमाखाली, आणि जिल्हाधिकारी, महापालिका आयुक्त यांना त्यात सक्षम अधिकारी केलं. ते नियम कोविडपुरते होते. काविळीला ते चिकटवता येत नाहीत. तुमच्या भागासाठी काविळीची अधिसूचना निघालेली नसेल, तर या कायद्याचं नाव घालून काढलेली नोटीस वकिलाच्या पहिल्याच पत्रात उडेल.

याची दुसरी बाजू जास्त महत्त्वाची आहे. त्याच कायद्याचं कलम ४ अधिकाऱ्याला संरक्षण देतं, पण कशाला? ‘या अधिनियमाखाली’ सद्भावनेने केलेल्या कृतीला. अधिसूचना नसताना आरोग्य सेवकाने कुंपण ओलांडून विहिरीत पावडर टाकली, तर हेतू कितीही चांगला असो, ते कवच त्याला मिळत नाही. म्हणून डॉक्टरांनी दोनदा तोंडी सांगून परत जाणं हा त्यांचा भित्रेपणा धरू नका. त्यांच्या हातात कागद नव्हता, आणि तो मिळवून द्यायचं काम ग्रामपंचायतीला करता येतं.

आपत्ती व्यवस्थापन अधिनियम, २००५ सुद्धा कोणीतरी सुचवेल. त्यातली ‘आपत्ती’ म्हणजे त्या समाजाच्या तोंड देण्याच्या ताकदीपलीकडची घटना. एका विहिरीवरचे नऊ रुग्ण त्यात बसवणं ओढूनताणून होईल.

तुमच्यासाठी नेमकं हत्यार आहे भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १६३. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेचं १४४ तेच हे. लोकांना १४४ म्हटलं की जमावबंदी आठवते, पण कलमाची भाषा त्याहून रुंद आहे. मानवी जीविताला किंवा आरोग्याला धोका टाळण्यासाठी दंडाधिकारी एखाद्या व्यक्तीला विशिष्ट कृती करू नको असं सांगू शकतो, किंवा तिच्या ताब्यातल्या मालमत्तेबाबत विशिष्ट व्यवस्था करायला सांगू शकतो. विहीर ही मालमत्ता, भाऊ तिचे ताबेदार. प्रांताधिकारी उपविभागीय दंडाधिकारी म्हणून हा आदेश देऊ शकतात. तहसीलदार तेव्हाच देऊ शकतात, जेव्हा शासनाने त्यांना या कलमासाठी खास अधिकार दिलेले असतील. ते आधी विचारून घ्या, नाहीतर आठवडा तिथेच जाईल. तातडी असेल तर समोरच्याला न ऐकताही आदेश काढता येतो. मुदत जास्तीत जास्त दोन महिने, पुढे वाढवायचा अधिकार राज्य सरकारचा.

त्याच संहितेचं कलम १५२, म्हणजे सार्वजनिक उपद्रव दूर करण्याचा सशर्त आदेश, त्याचाही उल्लेख होईल. ते शोषखड्ड्याच्या मागे लागताना तपासून पाहण्यासारखं आहे. विहिरीचं पाणी पिणं थांबवायला मात्र ते अवघडून बसतं, कारण त्यातला विहिरीचा उल्लेख रस्त्यालगतच्या विहिरीला कुंपण घालण्यापुरता आहे. शिवाय त्यात चौकशी लांबते.

टीसीएल_पोतं

वकीलसाहेबांनी आदेश कोणाकडून घ्यायचा ते सांगितलं. तो आदेश टिकायला खाली काय लागतं ते मी लिहितो. बहुतेक आदेश कायद्यात कमी पडत नाहीत, पुराव्यात कमी पडतात.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे आधी टीसीएल आणि मग पाण्याचा नमुना. पावडर पडल्यावर घेतलेला नमुना स्वच्छ येतो, मालक तो कागद घेऊन प्रांतांसमोर उभा राहतो आणि विषय संपतो. नमुना आधी. बाटली प्रयोगशाळेतून निर्जंतुक करून आणलेली, आत सोडियम थायोसल्फेट घातलेलं. तोंडाला हात लावायचा नाही, बाटली धुवायची नाही, वर थोडी जागा रिकामी ठेवायची. बर्फाच्या पेटीतून त्याच दिवशी पोचवा, २४ तासांच्या पुढे गेलेला नमुना ग्राह्य धरू नका. चिठ्ठीवर ठिकाण, तारीख, वेळ, घेणाऱ्याचं नाव, आणि ‘क्लोरिनेशनपूर्वी’ हा शब्द लिहा. शक्य असेल तर दोन पंचांसमोर घ्या आणि ताबेदाराची सही मागा. त्यांनी नकार दिला तर नकार दिला असं नोंदवा.

दुसरी अडचण काविळीत खास येते. प्रयोगशाळा जिवाणू तपासते, १०० मिलीत ई. कोलाय सापडता कामा नये हा निकष. हिपॅटायटिस ए आणि ई हे विषाणू. म्हणजे ‘पिण्यास योग्य’ असा दाखला आला तरी पाण्यात विषाणू नव्हता असं सिद्ध होत नाही. म्हणून फक्त पाण्याच्या दाखल्यावर प्रस्ताव उभा करू नका. त्याला जोडा रुग्णांची यादी (वय, लक्षणं सुरू झाल्याची तारीख, पाण्याचा स्रोत), वाडीचा हाताने काढलेला नकाशा ज्यात रुग्णांची घरं आणि विहिरी दाखवल्यात, आणि रक्ताच्या आयजीएम (नुकताच झालेला संसर्ग दाखवणाऱ्या) तपासणीचे निकाल. त्याच वाडीत दुसऱ्या विहिरीवर किंवा नळावर किती घरं आहेत आणि तिथे किती रुग्ण, हा आकडा विसरू नका. ‘आठ रुग्ण या विहिरीवरचे’ हे अर्धं वाक्य आहे. ‘उरलेल्या घरांत एकच’ हे जोडल्यावर ते बोलतं.

विहीर जांभ्यातली आहे हेही लिहा. संडास आणि विहीर यात किमान १५ मीटर अंतर सांगतात, आणि तुमचा खड्डा वीस मीटरवर आहे म्हणून मालक नियमावर बोट ठेवतील. जांभा सच्छिद्र असतो, त्यात भेगा आणि पोकळ्या असतात, आणि इथे खड्डा चढाच्या अंगाला आहे. पावसाळ्यात पाणी मातीतून गाळून न जाता सरळ भेगेतून उतरतं. तिथे १५ मीटरचा भरवसा नाही. भूजल सर्वेक्षण यंत्रणेकडून जागेची पाहणी करून घेता आली तर दोन ओळींचा अभिप्रायही वजनदार ठरतो.

आदेशाची मुदतही आजाराकडे बघून ठरवा. पटकीत संसर्गापासून लक्षणं काही तासांत ते पाच दिवसांत दिसतात. हिपॅटायटिस ए ला १५ ते ५० दिवस, ई ला दोन ते दहा आठवडे लागतात. म्हणजे आज विहीर बंद केली तरी महिनाभर नवे रुग्ण येत राहतील, आणि ‘बंद करून काय उपयोग झाला’ अशी ओरड दुसऱ्याच आठवड्यात होईल. ती आधीच समजावून सांगा. पंधरा दिवसांचा आदेश मागू नका. पूर्ण मुदतीचा मागा आणि त्यातच लिहून घ्या की कठडा बांधून झाला, खड्डा बंद किंवा स्थलांतरित झाला आणि ठरावीक अंतराने घेतलेले लागोपाठ दोन नमुने योग्य आले की आदेश उठवावा. मालकाला बाहेर पडायची वाट दिसली तर तो भांडण्याऐवजी गवंडी बोलावतो.

वाडीत कोणी गरोदर असेल तर तिची नोंद आजच आशाताईंकडे करा. हिपॅटायटिस ई शेवटच्या तीन महिन्यांत जिवावर बेततो. त्या घराला आदेशाची वाट न बघता आजपासून दुसरीकडचं, खळखळ उकळलेलं पाणी.

बावनदीकाठ

दोघांचे आभार. नमुना अजून घेतलेला नाही, म्हणजे ती चूक टळली. आदेश निघाला असं धरू. मालक मुंबईत, भाऊ म्हणणार माझ्या नावावर काही नाही. मग बजावणी कोणावर? आणि आदेश मोडला तर पोलीस गुन्हा घेतील ना? तसंच आठ घरांना विहीर बंद केल्यावर पाणी कुठून द्यायचं, यावर ग्रामसभेत मलाच धरतील.

खाडीवरचा_वकील

बजावणी ताबेदारावर चालते. कलमात मालकी हा एकच निकष नाही, ताबा किंवा व्यवस्थापन पुरतं. आदेशात दोघांची नावं घाला: मालक म्हणून मुंबईचे, ताबेदार म्हणून भाऊ. प्रत समन्ससारखी हातात द्यायची. घेत नसतील तर जाहीर करून ठळक जागी चिकटवायची आणि चिकटवल्याचा पंचनामा करायचा. त्या वाडीत राहणाऱ्या किंवा तिथे येणाऱ्या लोकांनाही आदेश लागू करता येतो, म्हणजे पाणी भरणारी आठ घरंही बांधली जातात. ते मुद्दाम लिहून घ्या. नाहीतर मालक गप्प बसतो आणि कळशा चालूच राहतात.

आदेशात काय हवं ते एकदा सांगून टाकतो, कारण नमुन्यातून उचललेल्या आदेशात हेच निसटतं. कोणत्या कलमाखाली, कोणत्या अहवालावरून, तारखेसह. विहिरीची ओळख गट क्रमांक आणि चतुःसीमेसह. मनाई नक्की कशाची: पिणं, स्वयंपाक, भांडी आणि गणपतीतला महाप्रसाद यांची. बागेच्या शिंपण्याला मनाई नको. गरजेपेक्षा जास्त बंदी घातली की न्यायालयात आदेश तिथेच कमजोर पडतो, आणि तुमच्या प्रकरणात मालकाची निम्मी तक्रार बागेचीच आहे. मग क्लोरिनेशनसाठी प्रवेश: कोण येईल, कोणत्या वेळेत, किती दिवस. शेवटी मुदत आणि हरकत कुठे घ्यायची. हरकत घ्यायचा हक्क मालकाला आहेच. त्याच दंडाधिकाऱ्याकडे अर्ज केला तर लवकर म्हणणं ऐकून घ्यावंच लागतं. त्यापुढे उच्च न्यायालय. रत्नागिरी आणि सिंधुदुर्गासाठी १८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरचं सर्किट बेंच आहे, रायगडवाल्यांना मुंबईच.

गुन्ह्याबाबत जपून चला. लोकसेवकाचा आदेश मोडणं हे भारतीय न्याय संहितेचं कलम २२३, जुन्या दंड संहितेचं १८८. सहा महिन्यांपर्यंत साधी कैद किंवा अडीच हजारांपर्यंत दंड, आणि त्यातून माणसाच्या जिवाला किंवा आरोग्याला धोका झाला तर एक वर्षापर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. पण या गुन्ह्याची दखल न्यायालय पोलिसांच्या कागदावर घेत नाही. नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम २१५ प्रमाणे ज्याचा आदेश मोडला त्या लोकसेवकाने, त्याच्या वरिष्ठाने किंवा त्याने अधिकार दिलेल्या लोकसेवकाने स्वतः लेखी फिर्याद न्यायालयात द्यावी लागते. नुसता एफआयआर करून सगळे घरी जातात आणि प्रकरण पहिल्याच पायरीवर पडतं. आदेश प्रांतांचा असेल तर फिर्यादही प्रांतांची किंवा त्यांनी अधिकार दिलेल्याची. आरोग्य अधिकाऱ्याने परस्पर दिलेली चालणार नाही.

संसर्ग पसरेल हे माहीत असून निष्काळजीपणा करणं (न्याय संहितेचं कलम २७१) किंवा दुष्टाव्याने पसरवणं (कलम २७२) यांना ती अट नाही. पण तिथे मालकाला माहीत होतं किंवा तसं मानायला कारण होतं हे दाखवावं लागतं. म्हणून आजच डॉक्टरांकडून एक साधं पत्र मालक आणि भाऊ दोघांना रजिस्टर्ड पोस्टाने पाठवा: अमुक रुग्ण, अमुक विहीर, पिण्यासाठी वापर थांबवा, क्लोरिनेशनला संमती द्या. या पत्राला बंधनकारक ताकद नाही. पण त्या तारखेनंतर ‘मला ठाऊक नव्हतं’ म्हणता येत नाही. आणि पुष्कळदा मुंबईच्या मालकाला भावाने काय अडवून ठेवलंय हे त्या पत्रावरूनच पहिल्यांदा कळतं, संमती तिथूनच येते.

पर्यायी पाणी नसेल तर आदेश मागूच नका. आठ घरांना टँकर, शेजारच्या वाडीची पाइपलाइन किंवा दुसरी शुद्ध केलेली विहीर, यातलं काय आणि किती अंतरावर, हे प्रस्तावातच लिहा. गटविकास अधिकाऱ्यांचं पत्र जोडा. प्रांतांना पहिला प्रश्न हाच पडतो, आणि ग्रामसभेत तुम्हालाही.

गावबंदीबद्दल स्पष्ट सांगतो. ठराव करू नका. देशात कुठेही फिरण्याचा हक्क संविधानाच्या अनुच्छेद १९ मध्ये आहे. त्यावर बंधन घालायला कायदा लागतो, ग्रामपंचायतीचा ठराव हा कायदा नव्हे. २०२० मध्ये चाकरमान्यांचं विलगीकरण झालं ते राज्याच्या नियमांखाली आणि जिल्हाधिकाऱ्यांच्या आदेशांखाली. वेशीवर आडवे बांबू टाकून लोकांना परत पाठवलं गेलं त्याला आधार नव्हता. अडवणारा स्वतः बेकायदा अडवणुकीच्या, न्याय संहितेच्या कलम १२६ च्या, कचाट्यात येतो.

आणि मुळात बंदी उलटी आहे. कावीळ चाकरमानी घेऊन येत नाहीयेत, ती तुमच्या विहिरीत आहे. त्यांना निरोप द्यायचा तो ‘येऊ नका’ असा नाही. अमुक विहिरीचं पाणी पिऊ नका, उकळलेलंच प्या, आणि मुंबईला परतल्यावर दोन महिन्यांत डोळे पिवळे दिसले तर डॉक्टरांना गावाचं नाव सांगा, हा निरोप द्या.

नोंदवही

खाजगी डॉक्टर आणि फलक, या दोन प्रश्नांवर.

वैद्यकीय व्यावसायिकांच्या २००२ च्या आचारसंहितेत रुग्णाचं गुपित फोडू नये असं आहे, आणि त्याच वाक्याला अपवादही आहे: न्यायालयाचा आदेश, विशिष्ट व्यक्तीला किंवा समाजाला गंभीर धोका, आणि कळवणं बंधनकारक असलेले आजार. त्यामुळे ‘गोपनीयतेमुळे नावं देत नाही’ हे आरोग्य खात्याच्या अधिकृत मागणीपुढे टिकत नाही. आजारागणिक बंधन वेगळं असतं. क्षयरोग २०१२ पासून कळवणं सक्तीचं आहे, आणि २०१८ च्या अधिसूचनेने न कळवणाऱ्यावर फौजदारी कलमंही आली. इतर आजारांसाठी चालू अधिसूचना जिल्हा आरोग्य अधिकाऱ्यांच्या कार्यालयातून मागून घ्या.

मागणी कशी करता यावरही बरंच अवलंबून आहे. सरपंचांनी फोन करून नावं विचारली तर डॉक्टर देणार नाहीत, आणि देऊही नयेत. तालुका आरोग्य अधिकाऱ्यांचं लेखी पत्र हवं: कोणता आजार, कोणत्या तारखांचे रुग्ण, कोणती माहिती (नाव, वय, गाव, वाडी, लक्षणांची तारीख, तपासणीचा निकाल), कोणाकडे आणि कशी द्यायची. रोगसर्वेक्षणाच्या आयएचआयपी पोर्टलवर भरायचे नमुनेही डॉक्टरांना माहीत असतात. आशा आणि आरोग्य सेविकेची संशयित रुग्णांची नोंद, डॉक्टरांची निदानाची नोंद आणि प्रयोगशाळेची नोंद, अशा तीन वेगळ्या वाटा आहेत. बहुतेक खाजगी दवाखाने चिडतात ते चार वेगवेगळी माणसं चार वेळा तेच विचारतात म्हणून. एकच माणूस नेमा.

फलकावर यादी लावू नका. खाजगीपणा हा मूलभूत हक्क आहे असं सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने २०१७ मध्ये ठरवलं. कोविडमध्ये रुग्णांच्या घरांवर पत्रकं लावली जात होती, त्यावर डिसेंबर २०२० मध्ये त्याच न्यायालयाने सांगितलं की सक्षम अधिकाऱ्याने आपत्ती कायद्याखाली तसा आदेश दिला तरच लावता येतील. व्हॉट्सॲपवर यादी फिरवणं हेही फलक लावण्यासारखंच. तुम्हाला जाहीर करायचं आहे ते विहिरीचं नाव, रुग्णांचं नव्हे. यादी एकदा फिरली की पुढचा रुग्ण अंगावर काढतो, परजिल्ह्यात जातो, मांत्रिकाकडे पिवळी उतरवायला जातो, आणि तुमचा नकाशा अपुरा राहतो.

१८९७ चा कायदा मुंबई-पुण्याच्या प्लेगसाठी ४ फेब्रुवारीला झाला, त्याखाली पुण्यात सैनिक घराघरांत शिरले, आणि २२ जूनच्या रात्री चापेकर बंधूंनी प्लेग कमिटीचा अध्यक्ष असलेल्या रँडवर गोळी झाडली. तपासणीचा हेतू रोग थांबवण्याचा होता, लोकांच्या लक्षात राहिली ती घरातली झडती. घरात जायचं झालं तर महिला कर्मचारी बरोबर असावी, ओळखपत्र दाखवावं, का आलो ते दारातच सांगावं.

कर्मचाऱ्यांवर कोणी हात टाकला तर मात्र कायदा आता कडक आहे. साथरोग कायद्यातल्या २०२० च्या दुरुस्तीने हिंसेला तीन महिने ते पाच वर्षे कैद आणि पन्नास हजार ते दोन लाख दंड, गंभीर दुखापतीला सहा महिने ते सात वर्षे आणि एक ते पाच लाख दंड. गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र, तपास निरीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्याकडे. त्यात समुदाय पातळीवरचे आरोग्य कर्मचारीही येतात, म्हणजे आशाताईही.

दोडामार्ग_शिवार

सिंधुदुर्गातून एक जोड. आमच्याकडे माकडतापात (रानातल्या गोचिडींमुळे होणारा ताप), लेप्टोत (लेप्टोस्पायरोसिस, दूषित चिखलपाण्यातून होणारा ताप) हाच प्रश्न येतो, पण उत्तर जरा निराळं. काजूच्या हंगामात लोकांनी रानात जाऊ नये असा आदेश कागदावर निघू शकतो, पण चार महिन्यांच्या कमाईवर पाणी सोडायला सांगणारा आदेश कोण पाळणार? तिथे अंगाला लावायचं तेल, पायघोळ कपडे आणि मेलेल्या माकडाची लगेच खबर यांनी जास्त काम होतं. माकडाला हात लावू नये. वनखात्याला कळवावं, मृत वन्यप्राणी ही सरकारी मालमत्ता असते.

लेप्टोसाठी भातलावणीत आठवड्याला २०० मिलिग्रॅम डॉक्सिसायक्लिन देतात. गरोदर बायका आणि लहान मुलांना ते चालत नाही, म्हणून सरसकट वाटायचं नाही. आणि गोळी कोणाच्या तोंडात बळंच घालता येत नाही. लसीच्या बाबतीत सर्वोच्च न्यायालयाने मे २०२२ मध्ये हेच म्हटलं, कोणावर लस लादता येणार नाही. सरकार नियम करू शकतं, शरीरावर जबरदस्ती नाही. विहीर बंद करता येते, माणूस नाही, एवढा फरक डॉक्टरांच्या पत्रातही दिसू दे.

बंदरावरून

गणपतीत वाडीत बाहेरून जेवण किंवा सरबत येणार असेल तर एक लक्षात ठेवा. हॉटेल किंवा बर्फाचा कारखाना आरोग्य केंद्राचे डॉक्टर बंद करू शकत नाहीत. तो विषय २००६ च्या अन्न सुरक्षा कायद्याचा. अन्न व औषध प्रशासनाचे पदनिर्देशित अधिकारी तातडीची मनाई नोटीस देतात आणि बंदीचा आदेश आयुक्तांकडून येतो. डॉक्टरांनी रुग्णांची माहिती त्यांना लेखी कळवायची. अखाद्य बर्फ निळा रंगवण्याचं बंधन २०१८ पासून आहे. गोळ्याच्या किंवा सरबताच्या गाडीवर निळसर बर्फ दिसला तर तोच पुरावा, फोटो काढून कळवा. पांढरा दिसला म्हणजे खायचा आहे असं मात्र समजू नका.

बावनदीकाठ

डॉक्टरांचं पत्र आज पोस्टात टाकलं. मुंबईच्या मालकांशी फोनवर बोलणं झालं, ते लेखी संमती पाठवतायत, तरी प्रांतांकडचा प्रस्ताव थांबवत नाही. नमुना उद्या सकाळी. त्यानंतर टीसीएल. विहीर ३ मीटर व्यासाची, पाणी ४ मीटर. माझ्या हिशेबाने १ लाख १३ हजार लिटर, हजार लिटरला अडीच ग्रॅम म्हणजे २८३ ग्रॅम. बरोबर?

टीसीएल_पोतं

चौपट झालं. तुम्ही त्रिज्येच्या जागी व्यास धरलात. सोपं सूत्र: व्यासाचा वर्ग गुणिले पाण्याची उंची गुणिले ७८५. ३ × ३ × ४ × ७८५ म्हणजे २८,२६० लिटर. अडीच ग्रॅमने साधारण ७१ ग्रॅम. हे ३३ टक्के क्लोरीनच्या पावडरीला. कोकणच्या दमट हवेत उघड्या पोत्यातली पावडर पावसाळ्यात २२ टक्क्यांवर आलेली असेल तर तेच १०६ ग्रॅम लागतील. वीस टक्क्यांखालची वापरू नका, परत करा. साथीत मात्रा दुप्पट करून सुरुवात करा आणि पुढची मात्रा ओटी चाचणीवर (पाण्यात उरलेला क्लोरीन मोजायची चाचणी) ठरवा. गढूळ पाणी क्लोरीन खाऊन टाकतं.

पावडर थेट टाकू नका. बादलीत आधी लगदा, मग पाणी, ढवळा, चुना खाली बसू द्या, वरचं निवळ दुसऱ्या बादलीत घ्या. ती बादली दोराने पाण्याच्या खाली सोडून वरखाली करत फिरवा. एक तास कोणी पाणी भरायचं नाही. मग ओटी: साथ असताना ०.५ पीपीएम (दहा लाख भागांत अर्धा भाग) क्लोरीन दिसायला हवं, एरवी ०.२ चालतं. चाचणीचं पाणी विहिरीत परत ओतू नका, ते रसायन विषारी आहे.

मालकांच्या भावाला एवढं सांगा की या मात्रेत कलमांना काही होत नाही, आणि वास दुसऱ्या दिवशी उतरतो. पाऊस चालू आहे, तेव्हा पाण्याची उंची रोज सकाळी मोजा आणि मात्रा रोज नव्याने काढा. कालचा आकडा आज चालत नाही. रोजची उंची, ग्रॅम, ओटीचं रीडिंग आणि जलसुरक्षकाची (गावात पाणी शुद्धीकरण बघणाऱ्याची) सही एकाच वहीत ठेवा. आदेश उठवायची वेळ येईल तेव्हा प्रांत तीच वही मागतील.